अर्पण करणे आणि अंगावर काढणे



फेब्रुवारीच्या पहिल्या अकरा दिवसांत तीन दिवस जवळजवळ येतात. ४ तारखेला जगभर कर्करोग दिन पाळतात. ५ तारखेला संत अगाथाचा सण असतो. छळात तिचे स्तन कापले गेले, म्हणून स्तनाच्या आजारात स्त्रिया तिच्याकडे मध्यस्थी मागतात. आणि ११ तारखेला, लूर्दमातेच्या सणाच्या दिवशी, १९९३ पासून ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन साजरा करते. या तीन दिवसांच्या निमित्ताने एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. प्रश्न श्रद्धेचा आहे, पण तो उभा राहतो दवाखान्यात.

आजारी माणसाला, त्यातही बाईला, आपण एक वाक्य हमखास ऐकवतो. "दुखतंय ना? देवाला अर्पण कर." आपल्या आजीने ते आपल्या आईला सांगितले, आईने आपल्याला. हे वाक्य खोटे नाही. आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाला जोडता येते असे संत पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात म्हटले आहे, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये त्या एका वचनापासून सुरुवात करून मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक सबंध प्रेषितीय पत्र लिहिले. ही शिकवण ज्यांनी कठीण दिवसांत मनापासून जगून पाहिली आहे, त्यांना तिचे बळ ठाऊक आहे.

पण या शिकवणीच्या शेजारी आपल्या घरांत आणखी एक रीत नांदते. ती चर्चमधून आलेली नाही. तिला आपल्या भाषेत फार नेमका शब्द आहे : अंगावर काढणे. ताप अंगावर काढला. कंबर अंगावर काढली. आणि छातीत हाताला लागलेली गाठही कित्येकींनी सहा महिने, वर्षभर अंगावर काढली. का, तर लेकीचे लग्न होऊन जाऊ दे, मुलाची दहावी होऊ दे, भातकापणी आटपू दे, मग बघू.

बाहेरून पाहिले तर दोन्ही सारखीच दिसतात. अर्पण करणारी बाईही गप्प असते आणि अंगावर काढणारीही गप्प असते. दोघी कुरकुर करत नाहीत, दोघींचे आपण कौतुक करतो. हळूहळू असे झाले आहे की एकीचे नाव आपण दुसरीला देऊन टाकले आहे. प्रश्न असा : जे दुखणे मी डॉक्टरांपासून, नवऱ्यापासून, मुलांपासून लपवते, ते देवाला अर्पण केले असे मला म्हणता येईल का?

हा प्रश्न हवेत सोडण्यापेक्षा एका ठिकाणी उभे राहून विचारू या. आपल्या भागातल्या अनेक स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिओथेरपी घ्यावी लागते. त्यासाठी कोणी सकाळची विरार लोकल धरून दादरला उतरते आणि परळला जाते, कोणी जवळच्या एखाद्या इस्पितळात जाते. या उपचारात हा प्रश्न एकदा नव्हे, दररोज समोर येतो. म्हणून थोडे त्या उपचाराबद्दल सांगतो. ज्यांच्या घरात हे झाले आहे त्यांना यातले बरेच माहीत असेल. पण ज्यांच्या घरात उद्या होईल त्यांना ते भीतीच्या आधी कळलेले बरे.

आपल्याकडे रेडिओथेरपीला 'शेक' म्हणतात, काहीजण 'लाईट देणे' म्हणतात. शेक हा शब्द जरा फसवा आहे. यंत्रातून किरण सुटतात तेव्हा गरम लागत नाही, चटका बसत नाही, काहीच जाणवत नाही. शस्त्रक्रियेनंतर, आणि केमोथेरपी दिली असेल तर बहुधा ती संपल्यावर, डोळ्यांना न दिसणारा आजार मागे राहिला असेल तर तो संपवण्यासाठी हे किरण देतात. पूर्ण स्तन न काढता फक्त गाठ काढली असेल तेव्हा तर ते बहुधा द्यावेच लागतात. अशा १०,८०१ स्त्रियांच्या १७ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रेडिओथेरपी न घेतलेल्या शंभर स्त्रियांपैकी ३५ जणींचा आजार दहा वर्षांत परत आला होता. घेतलेल्या शंभरांत १९ जणींचा. शस्त्रक्रिया झाली, आता कशाला हा त्रास, असे म्हणून जी मध्येच सोडते, तिने हे आकडे एकदा डॉक्टरांना विचारून आपल्यापुरते समजून घ्यावेत.

उपचाराच्या आधी तयारीचा एक दिवस असतो. त्या दिवशी कलत्या फळीवर उताणे निजवून, हात डोक्याच्या वर आधारावर ठेवून सीटी स्कॅन काढतात. त्यावरून किरण कुठून आणि किती द्यायचे, हृदय आणि फुफ्फुस कसे वाचवायचे, याचा नकाशा तयार होतो. छातीवर शाईच्या रेघा आणि फुल्या काढतात, किंवा सुईने तिळाएवढे कायमचे ठिपके टोचतात. रोज त्याच खुणांवर शरीर पुन्हा जसेच्या तसे ठेवायचे असते, म्हणून त्या रेघा घासून पुसायच्या नसतात.

आता हात डोक्याच्या वर नेऊन स्थिर ठेवायचा, हे ऐकायला सोपे वाटते. काखेतल्या गाठी काढलेल्या बाईला ते सोपे नसते. खांदा आखडलेला असतो. त्यासाठी शस्त्रक्रियेनंतर व्यायाम शिकवतात, दुखले तर गोळी देतात. ज्या बाईने दुखते म्हणून हात हलवला नाही, आणि दुखते हे कोणाला सांगितलेही नाही, तिचा हात त्या दिवशी वर जात नाही. मग स्कॅन पुढे ढकलावे लागते, पुन्हा व्यायाम, पुन्हा वाट. तिने देवाला काय अर्पण केले? पंधरा दिवसांचे दुखणे. आणि ते दुखणे एका गोळीने आणि एका वाक्याने कमी झाले असते.

पुढे उपचार सुरू होतो. आठवड्यातून पाच दिवस, रोज काही मिनिटे. पूर्वी हे साधारण २५ दिवस, म्हणजे पाच आठवडे चालत असे. ब्रिटनमधल्या स्टार्ट नावाच्या चाचण्यांचे निष्कर्ष २००८ मध्ये आले आणि १५ दिवसांत, तीन आठवड्यांत तितकेच चांगले काम होते असे दिसले. २०२० मध्ये फास्ट-फॉरवर्ड नावाच्या चाचणीने दाखवले की काही स्त्रियांना अवघ्या ५ दिवसांतही ते देता येते. कोणाला किती, आणि वर काही जादा दिवस लागतील का, हे आजार पाहून डॉक्टर ठरवतात. हे आकडे इथे मुद्दाम देतो आहे, त्यांच्याकडे परत यायचे आहे.

त्वचेचा त्रास पहिल्या दिवशी नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो. कातडी तापते, खाजते, काळवंडते. काखेत आणि स्तनाखालच्या घडीत, जिथे घाम साचतो तिथे, कधी ती सोलवटते आणि ओलसर होते. सगळ्यांत जास्त त्रास उपचार संपल्यावर आठ-पंधरा दिवसांनी होतो, मग काही आठवड्यांत भरून येते. सोबत एक थकवा असतो, झोपूनही न जाणारा. आठवड्यातून एकदा डॉक्टर तपासतात आणि विचारतात, "काही त्रास?"

आणि आपली बाई म्हणते, "काही नाही. बरं आहे."

माझ्या मते सगळा प्रश्न या 'काही नाही'मध्ये आहे. हे म्हणताना ती खोटे बोलते आहे असे तिला वाटत नाही. एवढी मोठी रांग आहे, डॉक्टर कामात आहेत, आपल्यापेक्षा जास्त आजारी माणसे बाहेर बसली आहेत, आपले काय घेऊन बसायचे. त्यातून परपुरुषासमोर स्तनाखालची जखम दाखवायची लाज. वर देवाला अर्पण केल्याचे समाधान. आणखी एक गोष्ट आहे. गोऱ्या कातडीवर लाली चटकन दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर ती डोळ्यांना दिसतेच असे नाही. म्हणजे आपल्याकडे तर सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळण्याचा मार्ग आणखीच अरुंद. घडीतली जखम झाकलेली राहते, त्यावर कोणी हळद लावते, कोणी वेलांकणीहून आणलेले आशीर्वादित तेल श्रद्धेने लावते. तेल पवित्र आहे, यात शंका नाही. पण किरण घेतलेल्या त्वचेवर काय लावायचे आणि काय नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायचे असते. जखम चिघळली तर उपचारात खंड पडू शकतो, आणि ठरलेले दिवस खंड न पडता पूर्ण व्हावेत यासाठीच तर सगळा आटापिटा असतो.

आता श्रद्धेकडे वळू. दुःख लपवणे हेच पवित्र आहे असे मानायचे असेल, तर प्रभू येशूचे काय करायचे? गेथसेमनी बागेत त्याने पित्याला स्पष्ट विनवले की शक्य असेल तर हा प्याला टळू दे. आधी म्हणाला टळू दे, मग म्हणाला तुझी इच्छा. आपण पहिला भाग गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारतो. त्याच रात्री त्याने तिघा शिष्यांना आपला जीव किती कासावीस झाला आहे हे सांगितले आणि माझ्यासोबत जागे राहा म्हणून विनंती केली. ते झोपले, ही गोष्ट वेगळी. क्रूसावर तो तहान लागल्याचे बोलला, आणि आंबेचा बोळा ओठांशी आला तेव्हा त्याने तो घेतला. कालवारीच्या वाटेवर किरेनेच्या सिमोनाने क्रूस उचलला तेव्हा येशूने तो त्याच्याकडून परत ओढून घेतल्याचे कोणत्याही शुभवर्तमानात नाही. आपण प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेचे पाचवे स्थान करतो. त्या स्थानात प्रभू मदत स्वीकारतो, हे आपल्या ध्यानात येते का?

कोणी जाणकार इथे अडवील. संत मार्कच्या पंधराव्या अध्यायात, क्रूसावर खिळण्यापूर्वी येशूला गंधरस घातलेला द्राक्षारस देऊ केला, तो त्याने घेतला नाही. म्हणजे वेदना कमी करणारे पेय त्याने नाकारले. हा आक्षेप खरा आहे, आणि जुना आहे. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञ आणि डॉक्टरांपुढे याच प्रश्नावर भाषण केले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : वेदना स्वेच्छेने सोसणे हा एखाद्याचा मार्ग असू शकतो, पण तो कोणावर बंधनकारक नाही. वेदना शमवणे ख्रिस्ती माणसाला मोकळे आहे. उलट वेदनेने माणसाची शक्ती इतकी खचू शकते की प्रार्थना आणि धीर दोन्ही सुटतात. आज ख्रिस्तसभेची धर्मशिकवण हेच सांगते. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतल्याने आपला क्रूस हलका होऊन पुण्य घटेल, ही भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप संत अगाथाचाच. तिच्या जुन्या चरित्रकथेत असे आहे की तुरुंगात रात्री एक वृद्ध पुरुष औषध घेऊन आला, आणि तिने म्हटले की मी शरीराला कधी औषध लावलेले नाही. मग कळले की तो संत पेत्र आहे, आणि ती बरी झाली. कथा वाचून कोणी म्हणेल, बघा, अगाथाने औषध नाकारले. मला त्या कथेत दुसरेच दिसते. तिची जखम पुण्य म्हणून तशीच ठेवली गेली नाही. ती भरावी म्हणून रात्री कोणालातरी पाठवले गेले. आणि अगाथा तिसऱ्या शतकात छळ करणाऱ्यांच्या तुरुंगात होती. आपण तिकीट काढून, केसपेपर हातात घेऊन, आपल्या बरे होण्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे शिक्षण घेतले त्यांच्यासमोर बसलो आहोत. सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय घरी काढून वाचावा. वैद्याचा मान राख, औषधे देवानेच मातीतून निर्माण केली, असा त्याचा भाव आहे. आणि तिथे वैद्यही प्रार्थना करतो.

पण माझ्या मनाला सर्वांत जास्त लागणारे स्थळ वेगळे आहे. संत मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परुश्यांवर एका गोष्टीसाठी रागावतो. आईवडिलांना जे द्यायला हवे ते 'कुर्बान' आहे, म्हणजे देवाला अर्पण केलेले आहे, असे म्हणून ते आईवडिलांना ते देत नसत. येशू म्हणतो, असे करून तुम्ही देवाची आज्ञा रद्द करता. देवाला अर्पण केले हे शब्दसुद्धा कोणाचे तरी देणे बुडवण्यासाठी वापरता येतात, हे त्याने पाहिले होते.

आता आपल्या घरात पाहा. एक बाई गाठ लपवते. नवऱ्याला काळजी नको, मुलांना खर्च नको. हेतू शुद्ध प्रेमाचा आहे, तिची निंदा करण्याचा अधिकार कोणाला नाही. पण वर्षाने कळते तेव्हा काय होते? आजार वाढलेला असतो, उपचार जास्त कडक, खर्च दुप्पट, आणि मुलगी नोकरी सोडून घरी बसलेली. शिवाय सगळ्यांच्या मनात एक बोच कायमची : आईने आपल्याला सांगितले का नाही? तिने जे सोसले ते तिचे होते. पण जे सत्य तिने ठेवून घेतले ते तिचे एकटीचे नव्हते. नवऱ्याचा त्यावर हक्क होता, लग्नाच्या दिवशी सुखात आणि दुःखात असे म्हणून त्याने वचन दिले होते. सिमोनाला क्रूस उचलायला मिळण्याचाही एक हक्क असतो, असे म्हटले तर चुकेल का?

वेळीच कळण्याने काय फरक पडतो, याचा मोठा पुरावा मुंबईतलाच आहे. टाटा इस्पितळाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे एक अभ्यास केला. अर्ध्या भागात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : पन्नाशीवरच्या स्त्रियांत या आजाराने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या गटात जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होते. तिथे मोठे यंत्र नव्हते. एका बाईने दुसऱ्या बाईला दाखवले, एवढेच होते.

आता त्या आकड्यांकडे : २५ दिवस, मग १५, मग काहींना ५. अर्पणाची किंमत जर सोसलेल्या दुखण्याच्या वजनावर ठरत असेल, तर वीस वर्षांपूर्वी २५ दिवस शेक घेतलेली बाई आज ५ दिवस घेणाऱ्या बाईपेक्षा पाचपट पवित्र ठरेल. असे कोणी म्हणणार नाही. डॉक्टरांनी दिवस कमी केले म्हणून देवाघरचे काही कमी झाले नाही. म्हणजे अर्पणाचे मोल वेदनेच्या मापात नाही, हे आपण एरवी मान्य करतो. फक्त गोळी मागायची वेळ आली की विसरतो.

मग अर्पण करायला उरते काय? पुष्कळ उरते.

उपचाराच्या खोलीत सोबत कोणी येऊ शकत नाही. गळ्यातली साखळी आणि क्रूससुद्धा बहुधा काढून ठेवायला सांगतात. तंत्रज्ञ खुणा जुळवतो, आणि जाड दार बंद करून बाहेर जातो. कॅमेऱ्यातून तो पाहत असतो, माईकवरून बोलतो, पण खोलीत ती एकटीच. हात वर, छाती उघडी, यंत्र भोवती फिरते आहे. डाव्या बाजूचा आजार असेल तर कधी आवाज येतो, "मावशी, मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा." छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून थोडे मागे सरते. वीसेक सेकंद धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. सगळ्यांना सगळे सांगून झाले, औषधे घेतली, नवरा बाहेर बाकावर बसला आहे, तरी ही मिनिटे कोणी वाटून घेऊ शकत नाही. बदललेल्या शरीराकडे आरशात पाहणे कोणी वाटून घेऊ शकत नाही. पुढच्या तपासणीची रात्र कोणी वाटून घेऊ शकत नाही. हे खरोखर तिचे आहे. सांगून आणि औषध घेऊनही जे कमी होत नाही, ते तिने हवे तर उचलून प्रभूच्या हाती द्यावे. ज्या श्वासात एक 'नमो मारिया' पूर्ण होत नाही, त्या श्वासात नुसते 'येशू' म्हणता येते. आणि एखाद्या दिवशी तेही म्हणवले नाही, नुसते रडू आले, तरी त्यात काही बिघडत नाही.

आता आपल्याबद्दल, म्हणजे जे आजारी नाहीत त्यांच्याबद्दल. बायका लपवतात याचे अर्धे कारण आपण आहोत. कोणाला कर्करोग झाला की मिस्सानंतर चर्चच्या आवारात काय बोलले जाते, ते आपण सर्वांनी ऐकले आहे. कोणाची नजर लागली, घरात काय वाद होते, कोणाचे कोणते पाप फळाला आले. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी हेच विचारले होते, आणि येशूने पापाचा हिशेब साफ नाकारला. मुलीचे स्थळ मोडेल म्हणून आईचा आजार लपवणारी घरे आपल्यात आहेत, आणि स्थळ मोडणारी घरेही आपल्यातच आहेत. तसेच, शेक घेऊन आलेल्या आजीजवळ तान्हे नातवंड देऊ नये, तिच्या अंगातून किरण येतात, असा एक समज आहे. यंत्रातून बाहेरून दिलेल्या रेडिओथेरपीत तसे काहीही होत नाही. यंत्र बंद झाले की किरण संपले. ती बाई घरी येऊन नातवंडाला खुशाल मांडीवर घेऊ शकते. अशा बाईकडून जे नातवंड काढून घेतले जाते, ते दुःख देवाने दिलेले नाही. ते आपण दिलेले आहे, आणि ते तिला अर्पण करायला सांगण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

सांगणे म्हणजे गावभर करणे, असेही नाही. आपला आजार कोणाला कळावा हे ठरवणे आजाऱ्याच्या हाती आहे. डॉक्टरांना सगळे, अगदी लाजेचेही. घरात निदान एका माणसाला. खर्चाची अडचण असेल तर इस्पितळातल्या समाजसेवा विभागाला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिओथेरपीही बसते, पण विचारले तर कळते. शेजारणीला नाही सांगितले तरी चालेल. आणि शेजारणीनेही, कळले असेल तर, तपशील विचारू नयेत. डबा द्यावा. सैल सुती कपडे लागतात, तेवढा एखादा जुना मऊ सदरा द्यावा. कधी त्यांच्यासोबत लोकलने जावे. परतीच्या गर्दीत थकलेल्या बाईला बसायला जागा मिळवून देणे ही छोटी सेवा नव्हे.

बांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत आपण मेणाचे हात, पाय, हृदय विकत घेतो आणि जे दुखते ते माउलीपुढे ठेवतो. ते ठेवणे म्हणजे तरी काय? इथे दुखतंय, हे उघडपणे सांगणेच. माउलीपुढे ज्यांना संकोच वाटत नाही, त्यांना डॉक्टरांपुढे का वाटावा?

संत याकोबाच्या पत्रात म्हटले आहे की कोणी आजारी असेल तर त्याने ख्रिस्तसभेच्या वडिलांना बोलवावे, आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. बोलवायचे कोणी? आजाऱ्याने. म्हणजे या साक्रामेंताची सुरुवातच सांगण्यापासून होते. आपल्याकडे मात्र फादर तेल घेऊन दारात आले की शेजारी समजतात, आता काही खरे नाही. कित्येक घरांत आजारी माणूस शुद्धीवर असेपर्यंत फादरांना बोलावतच नाहीत, तो घाबरेल म्हणून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितले की हा साक्रामेंत केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही, आणि १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी नव्याने लावून दिला. गंभीर आजाराच्या सुरुवातीला तो घेता येतो, मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी घेता येतो, आजार वाढला तर पुन्हा घेता येतो. ज्यांची रेडिओथेरपी पुढच्या आठवड्यात सुरू होणार आहे, त्यांनी मिस्साआधी किंवा मिस्सानंतर फादरांना नुसते सांगितले तरी पुरे. घरी येणे नको असेल तर चर्चमध्येच हा संस्कार देता येतो. छातीवर काढलेल्या रेघांना तेल लागेल का, अशी शंका कोणाच्या मनात येईल. नाही लागत. ते तेल फक्त कपाळाला आणि दोन्ही हातांना लावतात.